मराठीचा पहिला नंबर

शैलाताईंनी मला फसवलं तेव्हा त्या एक अक्षरही खोटं बोलल्या नाहीत. माझा राग त्याचाच आहे. सरळ खोटं बोलणारा माणूस मला परवडतो. धंद्यात असे रोज भेटतात, आणि त्यांच्याशी कसं बोलायचं ते मला चांगलं कळतं. पण जो शब्द मोडत नाही, नुसता जरा फिरवून तुमच्या हातात परत ठेवतो आणि वर विचारतो, "का गं, दिला नाही का?", त्याचं काय करायचं ते केस पिकायला लागले तरी मला उमगलेलं नाही. मी जुन्या ऑफिसांचं फर्निचर घेते आणि विकते. खराडीत एखादी कंपनी जागा बदलते, तेव्हा तिथली टेबलं, खुर्च्या, काचेची पार्टिशनं मी उचलते. समोरचा साहेब म्हणतो, "सगळ्या खुर्च्या घेऊन जा." मी म्हणते, सगळ्या म्हणजे कुठल्या? चाकांच्या की बिनचाकांच्या? हात असलेल्या की मोडलेल्या? वरच्या मजल्यावरच्या धरून की सोडून? हे त्याच्या तोंडून वदवून घेतल्याशिवाय मी त्याच्या चहाला तोंड लावत नाही. माझ्याकडची पोरं हसतात. म्हणतात, मॅडम, एवढं काय खोदून विचारता? त्यांना काय सांगणार. हे सगळं एका जादूगारांच्या पुस्तकापायी शिकले, असं सांगितलं तर आणखी हसतील.

आम्ही तेव्हा खडकीला, दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहायचो. वडील कारखान्यात होते. दोन खोल्या, मागे न्हाणी, आणि पुढे एक लांबलचक दगडी पायरी. ती पायरी शेजारच्या सुमनकाकूंच्या दारापर्यंत एकच होती, त्यामुळे अर्धी आमची, अर्धी त्यांची. सकाळी भोंगा वाजला की सगळ्या लायनीत एकदम सायकली आणि स्कूटरी बाहेर पडायच्या. मग बायकांचं राज्य. लांब कुठेतरी तोफगोळ्यांची चाचणी चालायची, धप्प असा आवाज यायचा आणि खिडकीची तावदानं थरथरायची. पाहुणे दचकायचे. आई नुसता वरणाच्या पातेल्यावर हात ठेवायची, झाकण घसरू नये म्हणून. भाकरी थापता थापता, डाव्या हातानं. तिला ते कळायचंही नाही. खडकी सोडल्यावर कितीतरी महिने तिचा हात तसाच पातेल्यावर जात होता, धप्प न होता.

घासाघीस मी आईकडून शिकले, मंडईत. रविवारी आम्ही दोघी बसनं मंडईला जायचो, कारण खडकी बाजारातला भाजीवाला तिच्या मते "तोंड बघून भाव सांगणारा" होता. आई आधी कधी आपला भाव सांगायची नाही. भाजी उचलायची, उलटीपालटी करायची, तिला जणू वाईट वाटतंय अशा नजरेनं खाली ठेवायची आणि चालू लागायची. पण सावकाश. सगळी कला त्या सावकाश चालण्यात होती. फार भरभर गेलं तर भाजीवाला सोडून देतो, आणि थांबून मागे वळलं तर आपण हरलो. "पाठीला कान असले पाहिजेत," असं ती म्हणायची. मागून "ओ ताई" अशी हाक आली की ती लगेच वळायची नाही. दुसरी हाक येऊ द्यायची. मी आजही तशीच चालते, आणि मोठमोठे साहेब मागून हाका मारतात.

आता वाचनाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या लायनीच्या टोकाला बुद्धविहार आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला की तिथे रोज संध्याकाळी ग्रंथवाचन असतं, दर वर्षी तोच बुद्धांच्या जीवनाचा ग्रंथ, ते थेट आश्विन पौर्णिमेपर्यंत. एकानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मांडी घालून ऐकायचं. शेवटी सगळ्यांनी मिळून "साधु, साधु, साधु" म्हणायचं. आठवीत होते तेव्हापासून वाचायला मला बसवायचे. माझा आवाज मोठा होता आणि जोडाक्षरांना अडखळत नव्हते. आई पहिल्या रांगेत बसायची आणि मी वाचत असताना माझ्याकडे बघायची नाही, दुसऱ्या बायकांकडे बघायची. त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते. ग्रंथाची भाषा माझ्या जिभेवर इतकी बसली होती की घरी वडिलांना जेवायला बोलावतानाही "असे म्हणून ते मौन राहिले" असं काहीतरी तोंडातून निघायचं, आणि वडील, जे तसेही मौनच असायचे, ते हसायचे.

पुस्तकं मात्र शैलाताईंच्या लायब्ररीतली. बाजाराच्या रस्त्यावर त्यांचा बंगला होता आणि बंगल्याच्या गॅरेजमध्ये लायब्ररी. दारावर पाटी: "वाचताना चहा पिऊ नये. चहा पिताना वाचू नये. दोन्ही घरी करावे." वर्गणी भरायची ऐपत नव्हती असं नाही, पण वडिलांपुढे हात पसरायचा मला कंटाळा होता. म्हणून मी शैलाताईंशी सौदा केला होता. मी पुस्तकांना खाकी कव्हरं घालायची, पाठीवर चिठ्ठी चिकटवायची, आणि बदल्यात मला कार्ड. मुलांच्या कपाटातली मराठी पुस्तकं संपली तेव्हा मी इंग्रजी कपाटाकडे वळले. तिथे ही मालिका होती. जाडजूड भाग, आणि प्रत्येक भागाच्या पाठीवर सोनेरी काठी. मी मराठी शाळेतली. पहिल्या भागाचं पहिलं पान वाचायला मला अख्खी दुपार लागली, शब्दकोश मांडीवर घेऊन. दुसरं पान संध्याकाळपर्यंत. पण मग गाडी चालू लागली. माझं इंग्रजी कॉलेजनं दिलेलं नाही, क्लासनं तर नाहीच. ते जादूगारांनी दिलं, आणि खराडीतल्या साहेबांशी मी आजही त्याच इंग्रजीत भांडते.

गोष्ट अशी होती. जादूगारांच्या एका मोठ्या कुळातला मुलगा. त्याच्यावर टाकलेला एक मंत्र चुकून त्याच्या मोठ्या बहिणीला लागतो आणि तिचा बगळा होतो. ती उडून तळ्याकाठी जाऊन बसते. पुढचे सगळे भाग तो तिला परत माणूस करण्यासाठी धडपडतो. मंत्र शिकतो, शत्रू करतो, मार खातो. आणि प्रत्येक भागाच्या शेवटी बगळा तिथेच, एका पायावर. मी दिवसा इंग्रजीत वाचायची आणि संध्याकाळी पायरीवर आईला मराठीत सांगायची. ती लसूण सोलायची. मग पलीकडून सुमनकाकू सरकत यायच्या, आपलं तांदळाचं ताट घेऊन. मग आणखी दोघीतिघी. पहिल्यांदा एक अख्खं प्रकरण सांगून झालं, तेव्हा मी विहारातल्या सवयीनं शेवटचं वाक्य लांबवलं, "असे बोलून तो जादूगार काठी टेकीत अरण्यात निघून गेला," आणि सुमनकाकूंनी डोळे मिटून, हात जोडून मोठ्यानं म्हटलं, "साधु, साधु, सा—" आणि जीभ चावली. त्या दिवशी पायरी इतकी हसली की समोरच्या लायनीतून लोक बाहेर आले. आई डोळे पुसत म्हणाली, "सुमन, अगं त्या चेटक्यांना कसलं साधु म्हणतेस!" त्यानंतर लायनीत त्या मालिकेला तिच्या खऱ्या नावानं कुणी ओळखलं नाही. ती बगळ्याची गोष्ट झाली. नळावर भेटणाऱ्या बायका मला अभ्यासाचं विचारायच्या नाहीत. "सुजाता, बगळ्याचं काय झालं?" एवढंच.

ज्या वर्षी शेवटचा भाग येणार होता, त्याच वर्षी वडील निवृत्त होणार होते. म्हणजे दिवाळीच्या आत क्वार्टर सोडायचं. सुमनकाकूंचंही तेच. आम्ही दिघीला जाणार, त्या विश्रांतवाडीला, पलीकडच्या आणखी कुठे. ती पायरी तुटणार हे सगळ्यांना माहीत होतं आणि त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. बोलायच्या ते असं: "जायच्या आधी त्या बगळ्याचा निकाल लागला पाहिजे बाई." आईनं तर मला बजावलंच होतं. इतर वेळी तिनं माझ्याकडे कधी काही मागितलं नाही. तिला आईवडील आठवत नव्हते. एका थोरल्या बहिणीनं तिला वाढवलं, आणि ती बहीण लग्न होऊन गेली ती परत दिसलीच नाही. हे तिनं मला एकदाच सांगितलं, तेही मंडईतून येताना, बसच्या खिडकीबाहेर बघत. त्यामुळे ती बगळ्याबद्दल इतकं का विचारते ते मी कधी विचारलं नाही.

तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी शैलाताईंकडे गेले.

"शेवटचा भाग येतोय ना?"

"येतोय की. सगळ्या जगात एकाच दिवशी. तुझ्या खडकीतसुद्धा."

"पहिला नंबर माझा पाहिजे."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "नंबर असा मागून मिळतो का? लावावा लागतो."

"मग लावते. सुट्टीभर येते. मुलांच्या सगळ्या पुस्तकांची जुनी कव्हरं काढून नवी घालते."

"मोठ्यांच्या पण."

मी दारात चपला घातल्या आणि चालू लागले. सावकाश. फाटकापर्यंत पोचले तेव्हा मागून हाक आली, "बरं, ये गं इकडे." दुसरी हाक येईपर्यंत मी वळले नाही. मग त्या म्हणाल्या, "मोठ्यांच्या कादंबऱ्या राहू देत. नुसत्या दिवाळी अंकांना घाल. ठीक?"

"आणि शेवटच्या भागाचा पहिला नंबर?"

"तुझा. शब्द दिला."

मी घरी जाऊन आईला सगळं करून दाखवलं, चपला कशा घातल्या तेसुद्धा. आई म्हणाली, "माझी आहेस." पुढची सगळी सुट्टी माझ्या बोटांना खळीचा वास येत होता. भाकरीला पण तोच वास लागायचा, असं वडील म्हणायचे, पण खायचे.

पुस्तक आलं त्या सकाळी मी आंघोळ करून, वेणी घालून गेले. शैलाताई वर्तमानपत्र वाचत होत्या. मी हात पुढे केला.

"ते होय? ते गेलं ना मघाशीच."

"कुठं गेलं?"

"वैदेहीकडे. तिच्या बाबांनी घरी जाता जाता गाडी थांबवून नेलं."

वैदेही माझ्याच वयाची. पूर्वी शेजारच्या रस्त्यावर राहायची, मग तिचे वडील सॉफ्टवेअरमध्ये मोठे झाले आणि ते खराडीच्या नव्या सोसायटीत गेले. ते लायब्ररीला एक कॉम्प्युटर भेट देणार होते. हे मला ठाऊक होतं, कारण तो जिथे ठेवायचा ते टेबल मीच पुसून ठेवलं होतं.

"पहिला नंबर माझा होता," मी म्हटलं.

"आहेच की."

"मग?"

"मराठीचा." त्यांनी पान उलटलं. "भाषांतर येईल ना. छान येईल. आलं की पहिली प्रत तुझ्या हातात. मी काय शब्द मोडणारी बाई आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि कानशिलं तापली. "तुम्ही शेवटचा भाग म्हणाला होतात."

"शेवटचा भागच म्हणाले. इंग्रजी म्हणाले का? आठव बरं." मग आवाज मऊ करून, "अगं, तुमच्याकडे मुली शिकतात, वाचतात, मला कौतुकच आहे. पण एवढं जाड पुस्तक, झेपायला नको का? तू महिना लावणार, तोवर बाकीच्या मेंबरांनी काय करायचं?"

"आधीचे सगळे भाग मी इंग्रजीच नेलेत. कार्डावर बघा."

"नेलेस गं. वाचलेस का, ते मी कधी विचारलं?"

हे वाक्य मी तेव्हापासून रोज नाही, पण अधूनमधून स्वतःशी म्हणून बघते. त्याला अजून उत्तर सापडलेलं नाही. "तुमच्याकडे" या शब्दाला मात्र तेव्हाही उत्तर होतं, पण ते दिलं असतं तर माझा हात त्यांच्या काचेच्या कपाटात गेला असता. मी निघाले. या वेळी सावकाश नाही. मागून हाकही आली नाही.

आईला मी सांगितलं नाही. तडक बस पकडली, मग दुसरी, आणि खराडीला उतरले. वैदेहीच्या सोसायटीचं नाव मला पाठ होतं, ती ते दर वाक्यात घ्यायची. फाटकावरच्या वॉचमननं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हिंदीत विचारलं, कुठल्या फ्लॅटमध्ये कामाला? मी म्हटलं, "कामाला नाही. वसुलीला." त्यानं दारच उघडलं.

वैदेहीच्या डोक्यावर टोकदार काळी टोपी होती. "सुजाता! तू इथे कशी? ये ना! आम्ही सकाळी कॅम्पात लाइनमध्ये होतो, बाबा, मी, सगळे कझिन्स, सगळ्यांच्या टोप्या सेम! टू मच मजा आली." सोफ्यावर पुस्तक उघडं पडलं होतं. तिचं स्वतःचं, विकत घेतलेलं. आणि दारातल्या चपलांच्या कपाटावर दुसरं, लायब्ररीचं, पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेलं.

"हे?" मी म्हटलं.

"अगं, ते शैलाकाकूंनीच बाबांना फोन करून सांगितलं, पहिला नंबर तुमचा ठेवलाय म्हणून. बाबांना नाही कसं म्हणायचं ते कळेना. मला नकोच होतं. तू नेतेस? ने ना, प्लीज. आय मीन, कुणीतरी वाचलं पाहिजे ना ते."

ज्याच्यासाठी मी सुट्टीभर खळ लावली ते पुस्तक तिथे चपलांवर पडलं होतं, आणि ज्यांना दिलं त्यांना ते नको होतं. वैदेही चांगली मुलगी होती. तिनं मला पाणी दिलं, लाडू दिला, शेवट सांगू नकोस म्हटल्यावर खरोखर तोंडावर हात ठेवला. तिच्यावर राग काढावा असं तिनं काहीच केलं नाही, याचाही मला राग आला. परतीच्या बसमध्ये पुस्तक मांडीवर धरून मी रडले नाही. शैलाताईंना काय काय म्हणायचं ते जुळवत बसले.

त्या वर्षीचा वर्षावास असा गेला. संध्याकाळी विहारात ग्रंथ, आणि तिथून आलं की पायरीवर बगळा. दिवसा मी शब्दकोश घेऊन पुढची पानं फोडून ठेवायची. शेवटचं प्रकरण मी मुद्दाम उघडलं नाही. आईनं ठरवलं होतं, ग्रंथाची समाप्ती आश्विन पौर्णिमेला होते, खीर होते, त्याच दिवशी हेही संपवायचं. सगळ्याजणी असतील. तोवर कुणाला शेवट कळता कामा नये, वाचणारीलाही नाही. हे पाळणं सोपं नव्हतं. कॉलेजात पोरींची तोंडं तेव्हा त्याच विषयावर चालायची. मी दोनदा वर्गातून उठून गेले आणि एकीच्या तोंडावर तर माझा रुमाल कोंबला. ती अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो बापडी.

इकडे शैलाताईंचे निरोप यायला लागले. वैदेहीनं सांगितलं असणार. आधी पेपरवाल्याबरोबर: पुस्तक परत कर. मग आमच्याच लायनीतल्या एका मेंबर बाईंबरोबर: कार्ड बंद करीन. मी दरवेळी एकच उलटा निरोप पाठवायची, "वाचतेय."

पौर्णिमेला दुपारी त्या स्वतः आल्या. विहाराच्या अंगणात मोठ्या पातेल्यात खीर शिजत होती, वेलदोड्याचा वास सगळ्या लायनीत भरला होता. आमच्या दारात बांधलेली खोकी रचून ठेवली होती. समाप्ती सकाळीच झाली होती आणि बायका नव्या पांढऱ्या साड्यांत पायरीवर दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी शेवटचं प्रकरण नुकतंच उघडलं होतं. रिक्षा थांबली. शैलाताई उतरल्या, पदर सावरला आणि पायरीपासून चार हात लांब उभ्या राहिल्या.

"सुजाता, पुस्तक आण."

आई उठली. "या ना बाई, बसा. हिनं फार सांगितलंय तुमच्याबद्दल." पुस्तक आलं त्या सकाळचं तिला काहीच माहीत नव्हतं. तिच्या लेखी या बाई म्हणजे मुलीला पुस्तकं देणाऱ्या. तिनं आतून खुर्ची आणली, पदरानं पुसली, चहा आणला. शैलाताई खुर्चीवर टेकल्या, पण चहाकडे बघून म्हणाल्या, "नको हो. आमचा चातुर्मास चालू आहे."

सुमनकाकू तांदूळ निवडल्यासारख्या आवाजात म्हणाल्या, "चहात कांदा घालत नाही आम्ही."

कुणी हसलं नाही. कप तसाच खुर्चीच्या हातावर राहिला. मला कपाची ती साय अजून दिसते, वर धरत चाललेली.

"पुस्तक दे आणि मला मोकळं कर," शैलाताई म्हणाल्या. "मेंबर थांबलेत."

"देते. मराठी होऊ दे."

"काय होऊ दे?"

"मराठीचा पहिला नंबर माझा आहे, तुम्हीच म्हणालात. हे मराठीच चाललंय. विचारा यांना. आज पूर्ण होतंय. झालं की घेऊन जा."

बायकांना सौदा ठाऊक नव्हता, पण सूर कळला. एकदोघी खुद्कन हसल्या. शैलाताईंचा चेहरा लाल झाला. चारचौघींत, तेही या चौघींत, आपलाच शब्द असा परत येईल असं त्यांना वाटलं नव्हतं. त्या उठल्या, आणि मग जे बोलल्या ते कुणी मुद्दाम बोलत नाही असं मला कितीदा सांगण्यात आलंय. मी मानत नाही. मी त्यांचे डोळे पाहिलेत.

"एवढं काय त्यात? शेवटी ती बगळाच राहते. झालं. आण इकडे."

मला फक्त आईचा चेहरा दिसत होता. तो रडवेला झाला असता तर मला चाललं असतं. तो नुसता बंद झाला. बसच्या खिडकीतून बघताना झाला होता तसा. इतकी वर्षं, इतके भाग, आणि चार शब्दांत एक बाई ते उचलून रस्त्यावर टाकून मोकळी झाली. मी पुस्तक मिटलं. खरं सांगते, मी ते फेकून मारणार होते. जाड पुस्तक होतं, लागलं असतं.

आई म्हणाली, "मिटलंस का? वाच."

"आता काय वाचू?"

"अगं, विहारात आपल्याला दर वर्षी शेवट माहीत नसतो का? शेवटच्या दिवशी तरी कुणी यायचं राहतं?" आणि शैलाताईंकडे वळून, त्याच अदबीनं, "बसा बाई. ती देतेच. थोडंच राहिलंय."

रिक्षा निघून गेली होती. त्या बसल्या.

मी वाचायला लागले. माझ्यासाठीही ती पानं नवी होती, त्यामुळे मी इंग्रजी ओळीवर बोट ठेवून, अडखळत मराठी करत होते. तो मुलगा तळ्याकाठी येतो. त्याच्याकडे मंत्र आहे, या वेळी खरा. काठी उचलतो आणि थांबतो. आणि सगळ्या मालिकेत पहिल्यांदा तो बहिणीला विचारतो: तुला काय हवंय? इतके भाग झाले, इतकी युद्धं झाली, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. बगळा त्याच्याकडे बघतो, मग पंख उघडतो. तो काठी खाली ठेवतो. ती उडते आणि तो तिला हात करत राहतो. मग तळ्यावर फक्त पाणी हलत असतं. मी ग्रंथाच्या चालीवर म्हटलं, "असे पाहून तो तेथेच बसून राहिला," आणि पुस्तक मिटलं.

सुमनकाकूंनी हात जोडले. "साधु," त्या म्हणाल्या. मग सगळ्याजणी, विहारात म्हणतात तशाच, "साधु, साधु, साधु." या वेळी कुणी हसलं नाही.

आईनं डोळे पुसले. "तिला विचारलं होतं," ती म्हणाली. "हे बाईंनी सांगितलंच नव्हतं."

मी पुस्तक शैलाताईंच्या हातात दिलं. त्यांनी ते घेतलं, वरचं खाकी कव्हर चाचपलं. मीच घरी घातलेलं. मग माझ्याकडे न बघता पुटपुटल्या, "मला कुठे माहीत होतं. मी वाचलेलं नाही. वैदेहीच्या आईनं सांगितलं होतं."

"मग झालं की," मी म्हटलं. "आत्ता ऐकलंत ते मराठीच. मराठीचा पहिला नंबर तुमचाच लागला."

पुढे आईला सगळं कळलं, फिरवलेला शब्द, खराडी, चपलांचं कपाट. ती म्हणायची, सोड आता, गोष्ट तर मिळाली ना आपल्याला. तिला मिळाली, हे खरं. शेवटपर्यंत ती कुणाही पाहुणीला ती गोष्ट सांगायची, माझ्यापेक्षा चांगली. पण तिला ती एकदा, न ऐकलेली, कोरी मिळायला हवी होती. ज्या घटकेला पंख उघडतात त्या घटकेला तिचा चेहरा कसा झाला असता, ते मी पाहणार होते. ते माझ्या सौद्यात होतं. ते मला मिळालं नाही, आणि ते कुणी भरून देऊ शकत नाही.

गॅरेजमधली ती लायब्ररी बंद झाली तेव्हा तिची कपाटं विकायला निघाली. निरोप माझ्याकडेही आला. मी गेले. शैलाताई थकल्या होत्या, मला ओळखलं, हसल्या. म्हणाल्या, "सगळी कपाटं तूच घे गं. तुझ्याइतका हात या पुस्तकांना कुणाचा लागलेला नाही." आणि आतून चहा मागवला.

मी म्हटलं, "सगळी म्हणजे कुठली, ते आधी सांगा." कप तिथेच निवत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.